राजा दोन तास बोलला नाही

मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता माझे पती इथे आखातात, रास अल खोर भागातल्या गोदामाच्या जिन्यावर पडले. त्यांच्या सहकाऱ्याने अँब्युलन्स बोलावली आणि मला फोन केला. मी टॅक्सीने इस्पितळात गेले. साडेअकरा वाजता ते बोलले.

त्या दिवसाला आता अडीच वर्षं झाली. ते त्या दिवशी गेले नाहीत. गेले त्यानंतर तेरा महिन्यांनी. लोक भेटायला येतात तेव्हा जाण्याच्या दिवसाबद्दल विचारतात, आणि मी सांगते. पण माझ्या मनात वर्ष बदलतं ते त्या मंगळवारपासून. त्या दोन तासांत ते गेले असते तर काय झालं असतं, हा हिशेब मी अजून करते, आणि दर वेळी केल्यावर हलकं वाटतं. शोक करणाऱ्या बाईने असं लिहू नये कदाचित. पण खरं तसंच आहे, म्हणून तसंच लिहिते.

आम्ही अल मनखूलला राहतो. चार मजली जुनी इमारत, खाली लॉण्ड्री आणि मल्याळी माणसाचं किराणा दुकान. लग्नानंतर इथे आले तेव्हा इतिहासात एम.ए. झालेली होते आणि पुण्यातल्या एका कॉलेजात दोन वर्षं शिकवलेलं होतं. इथे आल्यावर शिकवणं सुटलं, वाचणं सुटलं नाही. हे एका कंपनीत भाजी आणि फळांच्या कोठारांचं काम बघत. कुठल्या खोलीत किती थंडी ठेवायची, कुठला माल आधी बाहेर काढायचा, हे त्यांचं शास्त्र. पुस्तकाला हात लावत नसत. पण मी वाचलेलं सांगितलं की ऐकत, आणि मधेच एखादा असा प्रश्न विचारत की मला पुस्तक पुन्हा उघडावं लागे.

मुलगी इथेच जन्मली. ती मराठी समजते, रागावली तर बोलतेही. एरवी उत्तर इंग्रजीत. त्या वर्षी ती अकरावीत होती आणि तिने इतिहास घेतला होता. मला मनातून फार बरं वाटलं होतं. मी दाखवलं नाही, नाहीतर तिने सोडला असता.

सप्टेंबरात तिच्या शिक्षिकेने एक निबंध दिला. इंग्लंडच्या ट्यूडर घराण्यातला तो राजा, पुढे सहा लग्नांसाठी प्रसिद्ध झालेला, तेव्हा त्याचं दुसरं लग्न चालू होतं. वय चव्वेचाळीस. जानेवारी महिन्यात घोड्यावरून भाल्यांचा खेळ खेळताना तो चिलखतासकट खाली पडला आणि घोडा त्याच्या अंगावर पडला. त्या दिवशी तो मेला असता, तर गादी कोणाकडे गेली असती? दोन हजार शब्द.

"आई, इट्स अ काउंटरफॅक्च्युअल," ती म्हणाली. "घडलंच नाही त्याच्यावर निबंध. सो देअर इज नो राँग आन्सर."

"चुकीची उत्तरं भरपूर असतात," मी म्हणाले. "बरोबर उत्तर नसतं, एवढंच."

मी तिला पहिली गोष्ट दाखवली ती ही. राजा दोन तास बोलला नाही असं सगळ्या पुस्तकांत असतं. पण ते ज्या पत्रातून आलं ते पत्र दूरच्या शहरातल्या माणसाचं आहे, ऐकीव. जवळ असलेल्या माणसांनी लिहिलं की त्याला फार लागलं नाही. तिने नाक मुरडलं. दोन तासांची गोष्ट तिला आवडली होती.

"म्हणजे खोटं आहे?"

"खोटं म्हणत नाही. कोण कुठे उभं होतं ते आधी बघायचं."

मग आम्ही वारसांची यादी केली. पहिल्या राणीची मुलगी एकोणीस वर्षांची. तिची आई त्याच महिन्यात वारली होती, आणि मुलीला बापानेच अनौरस ठरवलेलं. दुसऱ्या राणीची मुलगी सव्वादोन वर्षांची. कायद्याने वारस तीच. एक मुलगा होता सोळा वर्षांचा, धडधाकट, पण लग्नाबाहेरचा. आणि दुसरी राणी गरोदर होती. म्हणजे त्या दुपारी इंग्लंडचा वारस एक तर रांगण्यातून नुकता उठलेला होता, नाहीतर अजून जन्मायचा होता.

हे सगळं आमच्या जेवणाच्या टेबलावर चाललं होतं. ह्यांनी आमटीचा भुरका मारला आणि विचारलं, "पण राजाने लिहून नव्हतं ठेवलं काही?"

"कायदा होता," मी म्हणाले. "पण राजाच्या मरणाबद्दल मोकळेपणी बोलायची सोय नव्हती. त्याच्या मरणाची कल्पना करणं हाच गुन्हा. तो कधी मरेल असं नुसतं बोललं तरी डोकं जायचं. पुढे तो खरोखर मरायला टेकला तेव्हा वैद्य त्याला सांगायला घाबरत होते."

हे माझ्याकडे बघून हसले. "मग तिथे आणि आपल्याकडे काय फरक आहे?"

हा टोला मला होता. त्याचं कारण सांगायला हवं.

त्याआधी वर्षभरापूर्वी ह्यांच्या ऑफिसातला एक जण अचानक गेला. आमच्याच वयाचा, दोन मुलांचा बाप. बायकोचा आणि मुलांचा व्हिसा त्याच्या नावावर. कागद एकही केलेला नव्हता. मुलं कोणाजवळ राहणार यावरून सासरची आणि माहेरची माणसं इथे येऊन बसली. कोर्टाच्या फेऱ्या, भाषांतरं, शिक्के. शेवटी शाळेचं वर्ष अर्धं टाकून मुलं आजोबांकडे गावी गेली आणि त्याची बायको इथले कागद संपेपर्यंत मैत्रिणीच्या खोलीत राहिली. हे रोज संध्याकाळी येऊन सांगत. मग एक दिवस म्हणाले, "आपणही मृत्युपत्र करून टाकू. इथे रजिस्टर करता येतं. मुलीचा ताबा तुझ्याकडे, असं साफ लिहून ठेवू. दादा मनाने चांगला आहे, पण तो आधी तिकीट काढेल आणि मग विचार करेल."

दादा म्हणजे माझे मोठे दीर, पुण्याला असतात. सासरे गेल्यापासून घराचे निर्णय तेच घेत आले.

मी म्हणाले होते, "दिवेलागणीला असलं काही बोलू नका."

आमच्या घरात अशी समजूत आहे की अभद्र बोललं की वास्तू तथास्तु म्हणते. माझी आई तोंडावर हात ठेवायची. मी एम.ए. झालेली बाई, मूळ साधनं आणि ऐकीव साधनं यांतला फरक शिकवलेली, आणि तरी मी तोंडावर हात ठेवत असे. यात मला विसंगती दिसत नव्हती असं नाही. दिसत होती, आणि हात तरी जात होता.

"अगं, भाड्याचा फ्लॅट आहे हा," हे म्हणाले होते. "इथली वास्तू अरबी असणार. ती तथास्तु नाही म्हणत. इन्शाल्ला म्हणते."

मी हसले, पण विषय तिथेच बंद केला. तो वर्षभर बंद राहिला. मग तो राजा घोड्यावरून पडला.

राजाची एक सोय होती. तो पाचशे वर्षांपूर्वीच मेलेला होता, त्यामुळे त्याच्या मरणाबद्दल काहीही बोललं तरी वास्तूला आक्षेप घ्यायला जागा नव्हती. ह्यांनी ते बरोबर हेरलं. रोज जेवताना त्यांचे प्रश्न सुरू झाले.

"समजा राजा गेला. राणीला राजवाड्यात किती दिवस राहू देतील?"

"ते ती मुलगी कोणाच्या ताब्यात आहे त्यावर," मुलगी म्हणाली. हे तिने स्वतः शोधून काढलं होतं आणि तिला त्याचा अभिमान होता. "बाबा, दॅट्स माय होल पॉइंट. लहान मूल गादीवर असेल तर मूल राज्य करत नाही. ज्याच्या घरात मूल राहतं तो करतो. काका, मामा, कोणीतरी म्हणणार, आय विल टेक केअर ऑफ हर."

"आणि राणीचं काय?"

"राणीला कोणी विचारणार नाही. अनलेस पेपरमध्ये लिहिलंय."

हे माझ्याकडे बघत नव्हते. पोळीचा तुकडा आमटीत बुडवत म्हणाले, "आणि त्या पोरीला विचारलं असतं, तुला कोणाकडे राहायचंय, तर?"

"बाबा, शी वॉज टू."

"समजा सोळाची असती."

तिने ताट पुढे सरकवलं. मग मराठीत म्हणाली, "आईकडे. आणि शाळा बदलायची नाही." आणि ताट उचलून आत गेली.

तेव्हा मला कळलं की तिलाही कळलंय. तिच्या वर्गातच त्या गेलेल्या सहकाऱ्याची थोरली होती. वर्षाच्या मधेच तो बाक रिकामा झालेला हिने पाहिला होता. घरात मी एकटीच गप्प होते, आणि माझ्या गप्प बसण्याला बाकीचे दोघे जपत होते.

त्या रविवारी मी ह्यांना म्हणाले, "घ्या तारीख."

त्यांनी लगेच घेतली. म्हणजे इतकी लगेच, की मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघायच्या आत फोनवर मेसेज आला होता. मी बघितलं. सर्वपित्री अमावास्या.

"पितृपक्षात मृत्युपत्र?" मी म्हणाले. "आणि तेही अमावास्येला?"

"पितर खूश होतील. म्हणतील, पोरगा तयारीचा आहे."

"काहीतरीच बोलू नका. पुढची घ्या."

ते हसत होते, पण पडतं त्यांनीच घेतलं. "बरं. खलास. पुढची घेतो." पुढची तारीख पाच आठवड्यांनी मिळाली, दिवाळीनंतरचा एक गुरुवार. त्या गुरुवारच्या नऊ दिवस आधी ते जिन्यावर पडले.

इस्पितळात मला एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. दारापलीकडे हे होते. एक मल्याळी नर्स मधेमधे येऊन हिंदीत सांगे, "मॅडम, डॉक्टर देख रहे हैं." त्यांच्याबरोबर आलेला सहकारी भिंतीला टेकून उभा होता. मी त्याला विचारलं, ते किती वेळ बोलले नाहीत. तो म्हणाला, पडल्यापासून नाहीच. नंतर, सगळं निभावल्यावर, तोच लोकांना सांगू लागला की वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. इस्पितळाच्या कागदावर वेळ लिहिलेलीच नाही. मी दोन तास म्हणते. मी दाराबाहेर होते. आत ते कुणाशी काही बोलले असले तर मला ठाऊक नाही. माझीही साक्ष तशी ऐकीवच आहे. पण मी दोन तासच म्हणणार. त्या दूरच्या शहरातून पत्र लिहिणाऱ्या माणसाबद्दल तेव्हापासून माझं मत जरा मवाळ झालं.

साडेदहाच्या सुमारास भाऊजींचा, म्हणजे दादांचा, फोन आला. सहकाऱ्याने कळवलं होतं.

"रडू नकोस," ते म्हणाले. मी रडत नव्हते. "मी तिकीट बघतोय. उद्या सकाळपर्यंत पोचतो. काही कमीजास्त झालं तर पोरीचं मी बघीन. तिला इथे आणू, इथल्या कॉलेजात घालू. माझ्या घरात एक खोली रिकामीच आहे. तू कसली काळजी करायची नाहीस. फक्त मी सांगीन तिथे सही कर."

त्यांच्या आवाजात माया होती, हे मी शपथेवर सांगेन. आणि तरी मला टेबलावर बसलेल्या मुलीचा आवाज ऐकू आला: कोणीतरी म्हणणार, आय विल टेक केअर ऑफ हर.

मी "हो भाऊजी" म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? माझ्या हातात काही नव्हतं. माझा इथे राहण्याचा शिक्का ह्यांच्या नावावर, मुलीचा ह्यांच्या नावावर. मुलीचा ताबा कोणाकडे हे लिहून ठेवायची तारीख माझ्या हट्टापायी पाच आठवडे पुढे गेलेली. खुर्चीवर बसून मी आठवडे मोजत होते. अमावास्येला सही झाली असती तर आज काय असतं, हे मोजत होते. मृत्यूची भीती मला त्या वेळी तेवढी वाटली नाही, जेवढी त्या सोडलेल्या तारखेची वाटली. प्रार्थना केली तीही सरळ नव्हती. मी म्हणाले, नऊ दिवस द्या.

साडेअकराला नर्स आली. "बात कर रहे हैं. चश्मा माँग रहे हैं."

आत गेले. चेहरा एका बाजूला जरासा ओढलेला, बाकी तेच. मी चष्मा डोळ्यांवर ठेवला. त्यांनी मला नीट बघून घेतलं. शब्द जड येत होते.

"पुढच्या गुरुवारी," ते म्हणाले, "तुझ्या कॅलेंडरात... काही आडवं येतंय का?"

मी नाही म्हणाले. मग मात्र रडले.

त्या गुरुवारी ते काठी टेकत आले. भाऊजी येऊन तीन दिवस राहून परत गेले होते. ऑफिस दहाव्या मजल्यावर, वकीलबाई गुजराती, कागद दोन रकान्यांत: डावीकडे इंग्रजी, उजवीकडे अरबी. मुलीच्या पालकाच्या जागी माझं नाव. त्याखाली आणखी एक जागा होती, मीही नसेन तर कोण.

"दादा," हे म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं.

"दुसऱ्या नंबरला," ते म्हणाले. "पहिल्या नंबरला ठेवलं तर तो तुझं ऐकणार नाही. अजिबात ठेवलं नाही तर तो माझं कधी विसरणार नाही."

मला ते पटलं. कोठारं सांभाळणाऱ्या माणसाला कुठला माल कुठल्या खोलीत ठेवायचा हे कळतं. माझंही मृत्युपत्र त्याच दिवशी झालं. बाहेर आल्यावर हे म्हणाले, "वास्तू काय म्हणाली?" मी म्हणाले, "दहाव्या मजल्यावर वास्तू येत नाही." आम्ही करामाला जाऊन इडली खाल्ली. डॉक्टरांनी त्यांना वडा बंद केला होता. त्यांनी माझ्या ताटातला अर्धा घेतला आणि मी बघितलं नाही असं दाखवलं.

त्यानंतरचे तेरा महिने मला मिळाले. जानेवारीत मी एका शाळेच्या ग्रंथालयात सहायक म्हणून लागले. इतक्या वर्षांनी मुलाखतीला जायचं तर साडी की सलवार यावर मायलेकींत वाद झाला. बाबांनी साडीच्या बाजूने मत दिलं. नोकरीमुळे माझा व्हिसा माझ्या नावावर आला आणि मग मुलीचाही माझ्या नावावर घेतला. टायपिंग सेंटरमधल्या माणसाने फॉर्मवर ह्यांच्या जागी माझं नाव घातलं तेव्हा हे बाजूला बसून म्हणाले, "राज्याभिषेक झाला. यल्ला, चल, आता चहा पाज."

मुलीचा निबंधही त्याच सुमारास पुरा झाला. ह्यांच्या आजारपणामुळे तिला मुदत वाढवून मिळाली होती. तिने शेवट बदलला. आधी लिहिलं होतं की राजा मेला असता तर सव्वादोन वर्षांच्या मुलीला थोरल्या बहिणीने बाजूला केलं असतं, आणि लोक थोरलीच्या मागे गेले असते. ते तिने ठेवलं. त्याखाली एक परिच्छेद नव्याने घातला. राजा वाचला म्हणून राणी मेली, असं तिने लिहिलं. पडल्याची बातमी ऐकून काही दिवसांतच राणीचं मूल पोटातच गेलं, राणीनेच ते कारण सांगितलं. आणि चार महिने व्हायच्या आत राजाने तिचं डोकं उडवलं. तो त्या दुपारी मेला असता तर ती कदाचित म्हातारी होऊन मेली असती. जगलेला प्रत्येक राजा घराला लाभतोच असं नाही.

हे तिने वाचून दाखवलं तेव्हा हे आरामखुर्चीत होते. "मग मी लाभलो का?" त्यांनी विचारलं.

"सो फार," ती म्हणाली, आणि त्यांच्या गुडघ्यावर कागदांची थप्पी आपटली.

पुढचा एक भाग तिने दोन ओळींत संपवला होता. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटला. त्या राजाने पुढे अकरा वर्षांनी मरताना मागे मृत्युपत्र ठेवलं होतं: आधी तिसऱ्या राणीचा मुलगा, मग थोरली, मग धाकटी. एवढी डोकी उडवलेल्या माणसाचा तो कागद टिकला. मधे एकदा थोडे दिवस कोणी तो डावलायचा प्रयत्न केला, पण अखेर क्रम तसाच चालला. तिघेही गादीवर बसले. मी मुलीला म्हणाले, हे वाढव. ती म्हणाली, शब्दमर्यादा आहे.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी, दुपारच्या जेवणानंतर, हे त्याच आरामखुर्चीत गेले. मी भांडी आवरत होते. मुलगी बारावीत होती, परीक्षेला सहा महिने राहिले होते.

भाऊजी दुसऱ्या दिवशी पोचले. अंत्यसंस्कार इथेच झाले. चौथ्या दिवशी ते माझ्यासमोर बसले. मुलगी आत अभ्यासाला बसली होती, म्हणजे दार अर्धं उघडं ठेवून ऐकत होती.

"आता कसं करायचं?" ते म्हणाले. "मी म्हणतो, आवरून घे. घरभाडं, नोकरी, पोरीची परीक्षा, तुला एकटीला होणार नाही. पोरीला मी घेऊन जातो. तू मागून ये."

मी कपाटातून फाइल आणली. बोलायची हिंमत माझ्यात तेव्हाही फार नव्हती. कागद समोर ठेवायची होती. त्यांनी खिशातून वाचायचा चष्मा काढला आणि इंग्रजी रकाना सावकाश वाचला. एकदा वाचून झाल्यावर परत वर गेले. मग दुसऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"इथे माझं नाव आहे."

"हो."

"मला विचारलं नाही त्याने."

"असलं काही बोलायची आपल्याकडे पद्धत कुठे होती, भाऊजी?"

खाली लॉण्ड्रीवाल्याचं कोणाशी तरी भांडण चाललं होतं ते ऐकू येत होतं. मला वाटलं आता ते रागावतील, किंवा घराण्याचं काहीतरी काढतील.

त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला.

"खरं सांगू?" ते म्हणाले. "परवा विमानात बसल्यापासून मी हाच विचार करतोय की सतरा वर्षांच्या पोरीशी मी बोलू काय. माझी पोरं माझ्याशी बोलत नाहीत. तिचं इंग्रजी मला कळत नाही. मला बीपी आहे. पण मी नाही म्हणालो असतो तर लोक म्हणाले असते, भाऊ गेला आणि हा हात झटकून मोकळा झाला." त्यांनी कागदावर पुन्हा बोट ठेवलं. "दुसऱ्या नंबरला ठेवलं त्याने मला. बरं केलं."

अर्ध्या उघड्या दारातून मुलगी बाहेर आली. "काका, चहा?" तिने मराठीत विचारलं.

"साखर नको," ते म्हणाले. "आणि जरा मराठीत बोलत जा माझ्याशी."

"तुम्ही जरा हळू बोला मग," ती म्हणाली.

ते अकराव्या दिवसापर्यंत राहिले. रोज संध्याकाळी तिच्याबरोबर खालपर्यंत चालायला जात. विमानतळावर जायला निघताना त्यांनी फाइलवर हात ठेवून मला सांगितलं, "हे नीट जपून ठेव." जणू मी हरवणार होते. मग स्वतःशीच मान हलवली आणि जिना उतरू लागले. त्यांची पाठ जरा सैल झाल्यासारखी मला वाटली. माझीही झाली होती.

मी आता ग्रंथालयात बसते तेव्हा कधीकधी मुलं तोच निबंध घेऊन येतात. राजा त्या दिवशी मेला असता तर? मी त्यांना पुस्तकं काढून देते आणि सांगते, दोन तासांची गोष्ट लिहा, पण ती कोणी सांगितली तेही लिहा. आणखी एक गोष्ट मी सांगत नाही, कारण ती त्यांच्या कामाची नाही. घडलं नाही त्याचा विचार करणं म्हणजे वेळ दवडणं, असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटतं, आपण कशातून सुटलो हे कळायला दुसरा मार्ग नाही. ते त्या मंगळवारी गेले असते तर मी त्यांच्यासाठी रडू शकले नसते. मला वेळच मिळाला नसता. मी कागदांमागे धावत राहिले असते, आणि मुलगी पुण्याच्या त्या रिकाम्या खोलीत बसली असती. ते तेरा महिन्यांनी गेले, म्हणून मी घरी बसून, खिडकी लावून, नीट रडले. हे त्यांचं मला शेवटचं देणं होतं असं मी म्हणणार नाही. त्यांनी ते टेबलावर बसून, आमटी खात, एका परक्या राजाच्या आडून केलं, एवढंच.

मुलगी बारावी झाली. इथेच कॉलेजात जाते. इतिहास सोडला, कायदा घेतला. ती आता सज्ञान आहे. पालकाचं ते कलम तिला लागू नाही. फाइल कपाटात आहे. आत तो कागद आहे आणि त्याखाली तिचा निबंध आहे. घरात आम्ही दोघी आहोत.